सहानुभूति आणि समानुभूति

मराठींतील कांहीं शब्द अतिवापरानें जुन्या नाण्यासारखे झिजून गेले आहेत. ‘सहानुभूति’ हा त्यांपैकीं एक. अर्जाच्या शेवटीं आम्ही ‘सहानुभूतिपूर्वक विचार’ मागतों, दुखवट्याच्या पत्रांत ती ‘व्यक्त’ करतों, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर तिची लाटहि येते. अलीकडे तिच्या शेजारीं ‘समानुभूति’ हा नवा शब्द येऊन बसला आहे. कोणी त्यासच ‘समवेदना’, तर कोणी ‘परानुभूति’ म्हणतात. येथें आंजीस एका तरुण शिक्षिकेनें मजला विचारलें कीं, या दोहोंत कांहीं खरा भेद आहे, कीं इंग्रजी शब्दांना जोडीस जोड लावण्याचा हा खटाटोप आहे? प्रश्न मार्मिक आहे. त्याचें अर्धें उत्तर कोशांत सांपडतें. उरलेलें अर्धें आमच्या वर्धा जिल्ह्यांतच सांपडतें, म्हणून या महिन्यांत त्याचा विचार करूं.

प्रथम कोशांतील अर्धें पाहूं. ‘सह’ म्हणजे बरोबर आणि ‘अनुभूति’ म्हणजे अनुभव. इंग्रजी ‘सिंपथी’ हा शब्द ग्रीक भाषेंतून आला असून त्याची घडणहि अशीच आहे: ‘सिन्’ म्हणजे सह आणि ‘पॅथॉस’ म्हणजे वेदना. यावरून ध्यानांत येईल कीं, मूळ शब्दाची मागणी लहान नव्हती. रूढीनें मात्र त्याचा अर्थ दुरून हळहळण्यापुरता आंखडून टाकला. ‘एम्पथी’ची कथा वेगळी आहे. जर्मन पंडित रॉबर्ट विशर यानें इ. स. १८७३ मध्यें ‘आइनफ्यूलुंग’, म्हणजे आंत शिरून अनुभवणें, हा शब्द कलाविचारांत वापरला. थिओडोर लिप्स यानें तो मानसशास्त्रांत आणला, आणि इ. स. १९०९ मध्यें टिचनर या मानसशास्त्रज्ञानें त्यास ‘एम्पथी’ हें इंग्रजी रूप दिलें. म्हणजे जो शब्द आज वैद्यांना व परिचारिकांना शिकविला जातो, तो रुग्णाच्या उशाशीं जन्मलेला नाहीं. कलाकृतीसमोर जन्मलेला आहे.

संस्कृत जाणणाऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं काश्मीरच्या अभिनवगुप्तानें ‘सहृदय’ कोणास म्हणावें हें सांगून ठेवलें आहे. काव्याच्या अभ्यासानें ज्याचें मन आरशासारखें स्वच्छ झालें आणि जो वर्ण्य विषयाशीं तन्मय होऊं शकतो, तो सहृदय. आमच्या विदर्भांतील पद्मपुराचा भवभूति ‘उत्तररामचरित’ लिहितो, आणि सीतात्यागाचा शोक पाहून प्रेक्षक अश्रु ढाळतो. ही समानुभूतीच होय. परंतु येथें एक मेख आहे. नाट्यगृहांत शोकाचा रस होतो, आणि रस हा आस्वाद्य असतो. प्रेक्षक रडतो, सुखावतो आणि घरीं जाऊन जेवतो. सीतेचें दुःख त्याच्यापाशीं कांहीं मागत नाहीं. तात्पर्य, दुसऱ्याच्या हृदयांत शिरतां येणें ही एक शक्ति आहे. तेवढ्यानें ती सद्गुण होत नाहीं. ठकासहि ती लागते. समोरच्याच्या मनांतील भय आणि लोभ ओळखल्यावांचून त्यास फसवितां येत नाहीं.

आतां व्यवहारांतील भेद पाहूं. सहानुभूति आपल्या जागीं उभी राहून दुसऱ्याकडे पाहते. समानुभूति त्याच्या जागीं जाऊन त्याच्या डोळ्यांनीं पाहूं लागते. कपाशीचें पीक बुडालें आणि घरच्या कर्त्या पुरुषानें जीव दिला, अशीं घरें विदर्भानें फार पाहिलीं आहेत. तेथें समाचारास येणाऱ्यांची रीघ लागते. प्रत्येक जण एकच प्रश्न पुसतो, ‘कसें झालें?’ आणि त्या माउलीस सर्व कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. पाहुणा आपलें मन हलकें करून उठतो. तिची जखम मात्र दर वेळीं ताजी होते. येणाऱ्यांच्या मनांत कपट नसतें. त्यांची हळहळ खरी असते. पण समोर बसलेल्या बाईस या घटकेस काय हवें आहे, हें त्यांच्या मनांतच येत नाहीं. एखादी शेजारीण मात्र कांहीं न पुसतां घरून पिठलें-भाकरी आणते, मुलींच्या वेण्या घालून त्यांस शाळेंत धाडते, आणि सातबारा कोणाच्या नांवावर आहे, सोसायटीचें कर्ज किती उरलें आहे, हें पाहण्यास आपल्या शिकलेल्या मुलाला बसविते. तिला ‘समानुभूति’ हा शब्द ठाऊकहि नसतो. ‘ज्याचें जळतें त्याला कळतें’ ही म्हण खरी. परंतु ज्याचें जळत नाहीं त्यानें विझवावयास पाणी आणूं नये, असें कांहीं ती म्हण सांगत नाहीं.

या भेदाचें सर्वांत मोठें उदाहरण आमच्यापासून कांहीं कोसांवर, सेवाग्रामांत घडलें. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित आणि स्वातंत्र्यासाठीं कारावास भोगलेले गृहस्थ. इ. स. १९३२ मध्यें गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतां शास्त्रीबुवाहि तेथेंच होते, परंतु महारोगामुळें वेगळे ठेवलेले. पुढें इ. स. १९३९ च्या सुमारास रोग बळावलेल्या स्थितींत ते सेवाग्रामास आले. त्या काळीं ‘महारोगी’ या एका शब्दानें माणसाचें नांव, विद्या आणि नातें पुसलें जाई. इ. स. १८९८ चा कायदा तर निर्धन रोग्यास पकडून कोंडण्याची मुभा देत होता. विद्वत्तेमुळें या बहिष्कारांतून कोणी सुटत नसे.

दुरून हळहळणारा मनुष्य अशा वेळीं चार पैसे देतो, एखाद्या रुग्णालयाचें नांव सांगतो आणि घरीं येऊन स्नान करतो. गांधीजींनीं आश्रमीयांशीं बोलून शास्त्रीबुवांस ठेवून घेतलें, त्यांच्यासाठीं जवळच झोपडी करविली, आणि कामाच्या गर्दींतून वेळ काढून ते स्वतः त्यांच्या अंगास मालिश करूं लागले. तें छायाचित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. परंतु मजला या शुश्रूषेहूनहि दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. आश्रमांतील मंडळी शास्त्रीबुवांपाशीं संस्कृत शिकूं लागली, आणि विवाहप्रसंगीं पौरोहित्य त्यांच्याकडे आलें. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें या गोष्टीचा अर्थ मजला थोडा अधिक कळतो. पायांस व्रण झाले म्हणून पंडिताची विद्या नासत नाहीं. पण समोरचा शिष्य उठून गेला कीं पंडित अर्धा मरतो. मालिशानें त्यांच्या शरीराची वेदना जाणली गेली. त्यांच्यापाशीं पाठ घेतल्यानें त्यांचें मन जाणलें गेलें. नुसत्या दयेंत घेणाऱ्याचा हात सदैव खालींच राहतो. येथें शास्त्रीबुवांच्या हातीं पुनः कांहीं देणें आलें. इ. स. १९४५ मध्यें वर्ध्याजवळ दत्तपूर येथें त्यांचा अंत झाला.

त्या दत्तपुरासहि या कथेंत स्थान आहे. विनोबांचे अनुयायी मनोहरजी दिवाण यांनीं इ. स. १९३६ मध्यें तेथें कुष्ठसेवेस आरंभ केला. रोग्यानें भिक्षापात्र टाकून शेती व सूतकताई करावी आणि आपल्या कष्टाची भाकरी खावी, ही त्यांची दृष्टि होती. मागाहून त्याच मार्गानें आमच्याच जिल्ह्यांत, हिंगणघाटास, इ. स. १९१४ मध्यें जन्मलेले बाबा आमटे गेले. वरोऱ्यास तुळशीराम नांवाच्या मरणोन्मुख रोग्यास पाहून ते प्रथम भयानें पळाले, आणि मग त्या भयाचीच लाज वाटून परतले. पुढें कलकत्त्यास या रोगाचें शिक्षण घेत असतां त्यांनीं संशोधनासाठीं स्वतःच्या शरीरांत रोगजंतु टोचून घेतले. दुसऱ्याचें दुःख आपल्या देहांत घेण्याचा याहून शब्दशः प्रयत्न कोणता असणार? परंतु ते जंतु रुजले नाहींत. समानुभूतीची सीमा मजला येथें दिसते. कितीहि आंत शिरलों तरी दुसऱ्याचें दुःख शेवटीं त्याचेंच राहतें. आमटे त्या सीमेशीं थांबले नाहींत. इ. स. १९४९ मध्यें त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली, आणि पुढें सहा रोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनींत आनंदवनाचा आरंभ केला. रोग त्यांना वांटून घेतां आला नाहीं. काम मात्र वांटून घेतां आलें.

योगायोग असा कीं, विशरनें ज्या वर्षीं तो जर्मन शब्द वापरला, त्याच १८७३ मध्यें नॉर्वेच्या हॅन्सेन या वैद्यानें कुष्ठरोगाचा जंतु शोधून काढला. आज औषधांनीं हा रोग पूर्ण बरा होतो. तरीहि पति अथवा पत्नीचा कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण मानणारीं कलमें आमच्या विवाहविषयक कायद्यांतून निघण्यास इ. स. २०१९ उजाडावें लागलें. जंतूपेक्षां भीति दीर्घायुषी असते, आणि भीति आहे तोंवर हळहळ उंबरठ्याबाहेरच उभी राहते.

वाचक म्हणतील, आमच्या घरीं कोणी महारोगी नाहीं. नसो. परंतु अर्धांगानें खाटेस खिळलेले आजोबा असतील, पुत्रशोकानें अबोल झालेली आत्या असेल, परीक्षेंत नापास झालेला पुतण्या असेल. त्यांच्यापाशीं बसण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस करावे. मी जें पुसणार आहें तें माझ्या जिज्ञासेसाठीं, कीं त्यांच्या सोयीसाठीं? आणि त्यांच्यापाशीं असें काय आहे, कीं जें मी आज मागून घेऊं शकतों? दुसरा प्रश्न आपण बहुधा विसरतों. गीतेंत या वृत्तीस ‘आत्मौपम्य’ असा सुंदर शब्द आहे, आणि तो दुःखाइतकाच सुखालाहि लागू केला आहे. आपणांस कोणी उपयोगाचें मानलें तर जें सुख होतें, तेंच खाटेवरच्या माणसासहि होतें.

तेव्हां आजोबांना रोज एका श्लोकाचा अन्वय विचारावा, जरी तो लावावयास त्यांना अर्धा तास लागला तरी. पुतण्यास घरांतील बिघडलेला पंखा दाखवावा. आणि आत्याला ‘कसें वाटतें?’ असें शंभरदां विचारण्याऐवजीं, यंदाच्या लोणच्याचें प्रमाण तिच्या तोंडून लिहून घ्यावें, आणि कैऱ्या फोडावयास तिच्याशेजारीं बसावें.