सोंगणी आणि सुट्टी

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले, तेव्हा वऱ्हाडच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ त्याच्या दाराशी आले. त्याचे शैक्षणिक वेळापत्रक मात्र वाशीमच्या शिवारापासून अद्यापि दूरच आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

सोयाबीन हे या जिल्ह्याचे आजचे मुख्य पीक होय. कपाशीचा वेचा दोन दिवस मागेपुढे झाला तरी निभते. सोयाबीनचे तसे नाही. मृगात वा आर्द्रात पेरलेले हे पीक सुमारे शंभर दिवसांत, सप्टेंबरअखेरीपासून, सर्वत्र एकदमच सोंगणीस येते. दिरंगाई झाली की शेंगा तडकतात. परतीचा पाऊस गाठला तर दाण्यांना कोंब फुटतात. त्या पंधरवड्यात पैसे मोजूनही मजूर मिळणे कठीण. मग रिसोड-मानोऱ्याकडील मुलगा विळा उचलतो आणि मजुराची मुलगी आईबरोबर गुत्त्याच्या सोंगणीला जाते.

सुट्टी मात्र दिवाळीला बांधलेली! २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आले. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ते १२ नोव्हेंबरला गेले. पंचांगातील अधिक महिना सोयाबीनला ठाऊक नसतो. सुट्टी लागते तेव्हा मळणी होऊन माल बाजारात गेलेला असतो, आणि हजेरीपटावर पंच्याहत्तर टक्क्यांची रेघ त्या मुलीच्या परीक्षेच्या आड उभी असते.

विद्यार्थ्याची जागा वर्गात, शेतात नव्हे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे व तत्त्वतः मान्यही आहे. परंतु पोटाची निकड तत्त्व विचारीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग वर्षाकाठी १८० अध्यापनदिन मागतो. ते कोणत्या तारखांना भरावेत, हे तो सांगत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, त्याने शिक्षण बुडाल्याचे कोणी म्हणत नाही. उन्हाला जो मान, तो पिकाला का नसावा?

पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठात सर्वांना एकच सुट्टी सोयीची नाही, हे खरे. अमरावती शहरातील विद्यार्थ्याला सोंगणीशी कर्तव्य नाही. म्हणून परीक्षांच्या तारखा समान ठेवून, दिवाळीच्या सुट्टीतील आठ दिवस सोंगणीच्या वेळी देण्याची मुभा ग्रामीण महाविद्यालयांच्या प्राचार्यांना असावी. पुढील वेळापत्रक छापण्यापूर्वी विद्यापीठाने वाशीमच्या प्राचार्यांकडून त्यांच्या गावच्या सोंगणीचा अदमास मागवावा.