नाजूक प्रकृतीचें मूल आणि घरांतला एक कागद

ज्या घरांत हृदयाचा जन्मजात दोष असलेलें, अपस्माराचे झटके येणारें अथवा मेंदूंतील पाणी पोटांत उतरविण्यासाठीं आंत नळी बसविलेलें एखादें मूल असतें, त्या घरच्या सर्वच मंडळींस त्याचें दुखणें ठाऊक असावें असें बाहेरच्यांस वाटतें. खरा प्रकार निराळा असतो. ठाऊक असतें तें एकट्या आईस. औषधाचें माप, झटक्यापूर्वीं बदलणारी नजर, काय सोसत नाहीं, कोणत्या डॉक्टरांनीं काय सांगितलें, हें सारें तिच्या मनांत सांठविलेलें. आणि ती दोन दिवस माहेरच्या कार्यास गेली, कीं आजी, काका, काकू, आत्या अशी भरलेली घरची मंडळी असूनही मुलाच्या दुखण्याविषयीं नेमकें बोलूं शकेल असें कोणी उरत नाहीं.

हीच अडचण ओळखून अमेरिकेंत बालरोगतज्ज्ञांच्या आणि तातडीची चिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थांनीं मिळून १९९९ सालीं अशा मुलांसाठीं एका माहितीपत्रकाचा नमुना प्रसिद्ध केला, व २०१० सालीं त्याविषयींचें धोरण पुन्हा मांडलें. रोगाचें नांव, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधें, न सोसणारे पदार्थ, टाळावयाचे उपाय व त्यांचें कारण, इतकें त्यांत लिहावयाचें असतें. पण आमच्या मतें त्यांतील सर्वांत मोलाचें कलम निराळेंच आहे: मूल बरें असतांना कसें असतें?

निरोगी मुलाच्या रक्तांत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ९५ च्या आसपास किंवा वर असतें. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकीं एकच कामाचा असलेल्या कांहीं मुलांत, शस्त्रक्रियेच्या पहिल्या टप्प्यानंतर, तें ७५ ते ८५ असतें, आणि त्यांच्यापुरतें तेंच ठीक असतें. रात्रीं दोन वाजतां अनोळखी रुग्णालयांतील डॉक्टर ८० हा आंकडा पाहून भरपूर प्राणवायु देऊं लागले, तर अशा कांहीं मुलांत रक्त फुप्फुसांकडे अधिक वळून शरीराला कमी पडतें. उलट, नेहमीं ८५ असणारें मूल ७० वर आलें असतां “हृदयरोगी आहे, असायचेंच” म्हणून स्वस्थ बसणेंही तितकेंच घातक. दोन्ही प्रसंगीं उणीव डॉक्टरांच्या विद्येची नसते. त्या एका मुलाच्या माहितीची असते.

मेंदूंतील नळी तुंबली, तर उलट्या, डोकेंदुखी, सुस्ती हीं लक्षणें दिसतात. आणि घरचीं माणसें म्हणतात, काल श्रीखंड फार झालें. पोटाच्या औषधांत गेलेला वेळ येथें महाग पडतो. मूत्रपिंडावरील ग्रंथि नीट काम करीत नसल्यामुळें ज्याला रोज हायड्रोकॉर्टिझोन द्यावें लागतें, त्या मुलास तापांत मात्रा वाढवावी लागते, आणि उलटीमुळें गोळी पोटांत ठरत नसेल तर इंजेक्शनच हवें. तें टोंचणें आईशिवाय घरांतील निदान दोघांनीं तरी डॉक्टरांकडून शिकून घेतलें पाहिजे.

अपस्माराचा झटका आला असतां मुलास कुशीवर वळवावें, तोंडांत चमचा किंवा पाणी घालूं नये, कांदा व वहाण हुंगविण्याची धांदल सोडावी, आणि घड्याळ पहावें. झटका पांच मिनिटांहून अधिक चालला, तर डॉक्टरांनीं लिहून दिलेला मिडॅझोलमचा फवारा नाकांत मारावा व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रांत ती २०१४ पासून आहे. फवारा कपाटांत आणि कपाटाची किल्ली बाहेरगांवीं गेलेल्या आईपाशीं, अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

दुसरी एक गोष्ट बोलावयास अवघड आहे. पुढें सोयरीक जमण्यास अडचण येईल म्हणून कित्येक घरांत अपस्माराचें, त्यांतून मुलीच्या, नांवच काढूं देत नाहींत. वडीलधाऱ्यांच्या या काळजीचें मूळ मायेंत आहे, हें आम्ही जाणतों. पण ज्या काकूच्या मांडीवर तें मूल दुपारभर असतें, तिच्यापासून रोग लपविण्यांत कोणतें हित साधतें, तें आम्हांस समजत नाहीं.

कागद एकाच पानाचा असावा, मराठींत व इंग्रजींत लिहावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून त्यावर त्यांची सही घ्यावी. एक प्रत स्वयंपाकघराच्या भिंतीवर, एक मुलाच्या दप्तरांत, एक शाळेंत, आणि घरांतील प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें तिचें चित्र. श्वासासाठीं गळ्यांत नळी बसविलेल्या मुलाच्या पिशवींत त्याच मापाची एक व एक माप लहान अशी दुसरी नळी नेहमीं असावी. कागदावर तारीख आणि किलोग्रॅममधील वजन ठळक घालावें. मुलांच्या बहुतेक औषधांचें माप वजनावरून ठरतें, आणि या दिवाळीला बारा किलो भरलेलें मूल पुढच्या दिवाळीला तितकेंच राहत नाहीं.