वाळवणातील आपला वाटा

फाल्गुन सरत आला की बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या मराठी घरांत दोन वर्षे एकाच सुमारास संपायला येतात. एक आर्थिक वर्ष, ज्याला आपण सारेच ‘मार्च एंडिंग’ म्हणून ओळखतो. दुसरे शालिवाहन शकाचे वर्ष, जे संपून चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारी गुढी उभी राहते. पहिले वर्ष १८६७ पासून, तत्कालीन इंग्रज सरकारच्या सोयीनुसार, १ एप्रिलला सुरू होत आले आहे. दुसऱ्याचा प्रारंभ तिथीप्रमाणे मागेपुढे सरकतो. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला, म्हणजे वर्षअखेरीच्या अगदी आदल्या दिवशी आला होता. सकाळी गुढीला साखरेची गाठी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी ताळेबंदाला बसायचे, असा तो योग होता.

या दोहोंखेरीज आपल्या देशाची एक राष्ट्रीय दिनदर्शिका आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ती २२ मार्च १९५७ पासून अंमलात आली आणि तिचाही पहिला महिना चैत्रच आहे. या दिनदर्शिकेनुसार शकाची तारीख घालून हिंदीत लिहिलेला धनादेश अन्यथा नियमात बसत असेल, तर बँकेने तो स्वीकारावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. माझ्या आजवरच्या सेवेत असा एकही धनादेश माझ्या हाती आलेला नाही. कधी आलाच, तर त्या ग्राहकाला चहा पाजावा असे मनात आहे.

असो. सांगायचे आहे ते चैत्राविषयी, आणि त्या महिन्यात घराने मिळून करावयाच्या एका कामाविषयी.

आपल्याकडील वसंताचे एक वैशिष्ट्य सहसा कोणी लक्षात घेत नाही. थंड प्रदेशात बर्फ वितळते, जमिनीत ओल मुरते आणि मग झाडांना पालवी फुटते. दख्खनच्या पठारावर याच्या नेमके उलट घडते. शेवटचा पाऊस होऊन पाच-सहा महिने लोटलेले असतात, विहिरींचे पाणी खोल गेलेले असते, उन्हाचा ताप दिवसागणिक वाढत असतो. आणि नेमक्या अशा वेळी पिंपळावर तांबूस कोवळी पाने लकाकू लागतात, कडुनिंबाला बारीक पांढरा मोहर येतो, रानातला कोशिंब लालभडक पालवीने पेटल्यासारखा दिसतो. पळस, पांगारा आणि सावर यांच्या अंगावर तर फुलताना पानही नसते. पाऊस अजून दोन महिने दूर असताना हे नवेपण येते कोठून? ते येते खोडात साठवलेल्या आणि खोलवरच्या मुळांनी शोधलेल्या ओलाव्यावर.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माझ्यासारख्याला येथे राखीव निधीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या १७ व्या कलमाने दरवर्षीच्या नफ्यातील किमान २० टक्के रक्कम राखीव निधीत वर्ग करण्याचे बंधन बँकांवर घातले आहे. घरांवर असे बंधन कोणी घातले नव्हते. तरीही याच दिवसांत वर्षाचे गहू-तांदूळ उन्हे देऊन भरायचे, मिरच्या वाळवून तिखट कुटायचे, मीठ लावून चिंच फोडून ठेवायची, पापड-कुरडया-सांडग्यांचे डबे भरायचे, हा क्रम आपल्या मागच्या पिढ्यांनी चुकवला नाही. समोर चार महिन्यांचा पावसाळा असे. वाटा बंद होत, भाजी मिळत नसे, ऊन दिसत नसे. त्या काळाची तरतूद करण्यासाठी वसंतातले कडक ऊन वापरून घ्यायचे, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

आज तो हिशेब उरलेला नाही, हे मान्य करावयास हवे. भाजी बाराही महिने मिळते आणि पापडाचे पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात असते. मग गच्चीवर कापड अंथरायचे कशासाठी? माझे मत असे की, ते अजूनही अंथरावे. परंतु एका अटीवर. ती अट सांगण्यापूर्वी कुरडईचे काम काय असते, ते जरा तपशिलाने पाहणे योग्य ठरेल, कारण ताटात पांढरीशुभ्र फुललेली कुरडई पाहून तिच्यामागच्या कष्टांची कल्पना येत नाही.

गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज न चुकता पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून, पाण्यात कोळून, चोथा पिळून काढायचा आणि गाळलेले पांढरे पाणी रात्रभर स्थिर ठेवायचे. सकाळी तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. वरची निवळ अलगद ओतून टाकायची, मोठ्या पातेल्यात मोजून पाणी उकळायचे, त्यात मीठ घालायचे आणि एकाने चिकाची धार धरून दुसऱ्याने अखंड ढवळत राहायचे. हात क्षणभर थांबला तरी गुठळ्या होतात. जसजसा चीक शिजतो तसतसा तो इतका घट्ट होतो की, पातेले पकडायला तिसरे माणूस लागते. मग तो गरम असतानाच सोऱ्यात भरून कापडावर कुरडया घालायच्या, कारण निवला की पिळता येत नाही. त्यानंतर दोन-तीन दिवस राखण: कावळे-चिमण्या हाकणे, ऊन कलले की कापड सरकवणे, एक बाजू वाळली की उलटणे.

या यादीत एकट्याने करण्याजोगे काम फार थोडे आहे. येथे घरातील प्रत्येकाला, अगदी पाच वर्षांच्या मुलालाही, खरेखुरे काम मिळते. लहान मुलांना हल्ली आपण ‘उपक्रम’ देतो. रंगीत कागद कापून चिकटवायला लावतो आणि दोन दिवसांनी तो कागद कचऱ्यात जातो. काठी घेऊन राखणीला बसलेल्या मुलाला मात्र ठाऊक असते की, आपण उठलो तर कावळा येणार. त्याच्या श्रमाचा मोबदलाही जागच्या जागी चुकता होतो. वाटीभर गरम चीक, त्यावर तेल किंवा तूप. पापडाच्या दिवशी तेलात बुडवलेली लाटी. वाळवण पुरे होण्याआधी त्यातला किती भाग पोटात जातो, याचा हिशेब कोणत्याही घराने ठेवलेला नसावा, आणि ठेवूही नये.

आता अट. हे काम घरातल्या एकाच बाईच्या कमरेवर उभे राहणार असेल, तर ते बंद पडलेलेच बरे. आपल्या नियतकालिकांतून दर चैत्रात ‘आजीच्या हातच्या’ पदार्थांचे गोडवे गाणारे लेख येतात. त्या आजीला त्या दिवसांत रात्री किती वाजता पाठ टेकायला मिळत होती, हा प्रश्न त्यांत क्वचितच असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे. शिवाय असा सहभाग घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण मुळातच कमी आहे. त्या २८९ मिनिटांत आणखी कुरडयांची भर घालून वर संस्कृतिरक्षणाचे समाधान आपण मिळवायचे, हा व्यवहार सरळ नाही. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर, यात खर्च एकीच्या नावे पडतो आणि जमा साऱ्या घराच्या नावे होते.

गंमत अशी की, चीक ढवळणे आणि उडदाचा पापडखार घातलेला गोळा कुटणे ही दोन्ही खांद्याच्या ताकदीची कामे आहेत. पुरुषांच्या बळाचे कौतुक करणाऱ्या समाजात ती पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडे कशी राहिली, हे मला न उलगडलेले कोडे आहे. मार्च महिन्यात बँकेतील माणसाला घरी लक्ष देता येत नाही, हे कारण खरे आहे. पण ते ३१ तारखेला संपते. १ एप्रिलला वार्षिक लेखाबंदीसाठी ग्राहकांचे व्यवहार बंद असतात, आणि त्यानंतरचा पहिला रविवार तर संपूर्ण आपला असतो. आमच्या घरी गहू भिजवण्याचा दिवस त्या रविवारावरून उलटा मोजला जातो. पाणी बदलणे मुलीकडे, ढवळणे माझ्याकडे, सोऱ्या पत्नीकडे. कारण आमच्यापैकी सुबक वेटोळे तिलाच जमते. प्रमाण फक्त दोन किलो गव्हांचे. वर्षभर पुरेल एवढे करण्याचा हट्ट नाही. सणावाराला आणि पाहुण्यांना पुरले म्हणजे झाले. उरलेले आम्ही विकत आणतो.

विकत आणण्यात कमीपणा मुळीच नाही, हेही स्पष्ट करतो. १५ मार्च १९५९ रोजी, म्हणजे अशाच वसंताच्या दिवसांत, मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. घरात ज्या श्रमाला कोणी मोल लावत नव्हते, त्याच श्रमाला गच्चीच्या दाराबाहेर मोल मिळाले. आज गावोगावचे महिला बचत गटही उन्हाळ्यात याच कामातून उत्पन्न मिळवतात. ज्या घरात वेळ नाही, मनुष्यबळ नाही, त्या घराने अशा गटाकडून कुरडया घ्याव्यात. सुनेला किंवा सासूला एकटीला राबवण्यापेक्षा हा व्यवहार कितीतरी प्रामाणिक आहे.

या अंकाचे पुष्कळसे वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. गच्ची परक्या गावातली, शेजार दुसऱ्या भाषेचा, अशा ठिकाणी हे सारे कसे जमावे, असे त्यांना वाटेल. माझी नेमणूक सध्या हैदराबादला आहे आणि माझा अनुभव याउलट आहे. आम्ही ज्या आठवड्यात गच्चीवर कापड पसरतो, त्याच आठवड्यात शेजारच्या तेलुगू कुटुंबाची ‘वडियालू’ तेथे वाळत असतात. त्यांतली एक जात कोहळ्याची. चवीत आणि रूपात आपल्या कोहळ्याच्या सांडग्यांची सख्खी बहीण. तमिळ घरांत ‘वडाम’ असतात, गुजराती घरांत तांदळाच्या पिठाच्या पापड्या. बंगालमध्ये डाळीच्या ‘बोडी’ घालतात, मात्र तेथे हे काम हिवाळ्यातल्या उन्हात उरकले जाते. शेजारच्या आजींचे आणि आमचे एकमेकांच्या भाषेत पाच-दहा शब्दांपलीकडे फारसे काही चालत नाही. पण भर दुपारी आभाळ भरून आले तेव्हा आमचे कापड गुंडाळून जिन्यात आणून ठेवले होते ते त्यांनीच. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. त्या दिवशी त्यांच्याकडची सहा चवींची पच्चडी आमच्याकडे येते आणि गूळ, जिरे घालून वाटलेली आमची कडुनिंबाची गोळी तिकडे जाते. त्या पच्चडीतही कडुनिंबाचा मोहर असतोच. मुलीला दोन्ही घरी तोंड वाकडे करावे लागते.

एक अडचण मात्र खरी आणि नवी आहे. वसंत आता पूर्वीसारखा सौम्य राहिलेला नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींनुसार २०२२ चा मार्च हा, कमाल तापमानाच्या देशव्यापी सरासरीने, १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. अवकाळी पाऊस आंब्याचा मोहर झाडतो, तसा वाळवणावरही पाणी फिरवतो. तेव्हा जुन्या वेळा बदलायला हव्यात. चीक पहाटे शिजवावा, कुरडया आठाच्या आत घालून व्हाव्यात, आणि बारा ते चार या वेळात वृद्धांना व मुलांना राखणीसाठी उन्हात बसवू नये. वर पातळ जाळीचे कापड ताणून बांधले की कावळ्यांची चिंता राहत नाही. ज्यांना गच्ची नाही त्यांनी बटाट्याचा कीस किंवा आंबोशी करावी. सज्जातल्या दोन ताटांत ती उत्तम वाळते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभराचा अवकाश असतो. कैरीची डाळ आणि पन्हे यांचा बेत त्या दिवसांत घराघरांतून होतोच. त्यासाठीची डाळ भिजवणे, कैऱ्या किसणे आणि नंतरची भांडी घासणे एवढे जरी यंदा घरातील पुरुषांनी आपणहून उचलले, तरी पुढील वर्षी गहू भिजवायचे की नाही, याचा निर्णय घरात सर्वांनी मिळून घेता येईल. गव्हांचे प्रमाण मात्र पहिल्या वर्षी एका किलोहून अधिक धरू नये. ढवळताना खांदे चांगलेच दुखतात.