मत वाया जात नाही



निवडणूक जवळ आली की आमच्या धर्मापुरीत पारावर एक वाक्य हमखास कानी पडते : "माणूस चांगला आहे हो, पण पक्ष लहान. मत वाया जाईल." दर 14 एप्रिलला बाबासाहेबांची मिरवणूक काढणाऱ्या गावांनी तरी असे म्हणू नये.

घटनाकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. लहान पक्षाचे आमदार बाबासाहेब फारसे ठाऊक नाहीत. 1923 पासून मुंबईत वकिली करणाऱ्या या बॅरिस्टरांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या लाटेतही ते मुंबईतून निवडून आले आणि पक्षाच्या 17 उमेदवारांपैकी बहुतेक जिंकले. 175 जणांच्या विधानसभेत हे बळ तोकडेच. तरी 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातल्या कुळाने राबावे आणि सारा वसूल करणाऱ्या खोताने त्याला नाडावे, ही रीत त्यांना कायद्यानेच मोडायची होती. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मोर्चाने विधानसभेवर गेले. विधेयक मंजूर झाले नाही. पण बहुमताने तेव्हा बाजूला ठेवलेल्या त्याच मागणीचा 1949 मध्ये कायदा झाला. त्यांना पडलेले मत वाया गेले, असे कोण म्हणेल?

त्या वेळी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. असा आमदार निवडण्याचा हक्क इथल्या सामान्य रयतेला नव्हता. हक्क मिळाल्यावर याच बीड जिल्ह्याने 1967 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि 1977 मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे यांना लाल बावट्यावर लोकसभेत पाठवले. ते धाडस आपल्या वाडवडिलांचे आहे.

लहान पक्षाचे आमदार फुटतात, असा आक्षेप घेतला जातो. मोठे पक्ष कसे फुटतात, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. तेव्हा पारख माणसाची करावी.

म्हणून मतदारांना कळकळीची विनंती : उमेदवार दारात आला की "निवडून येणार का?" हे विचारू नका, ते तर आपल्याच हातात आहे. दर दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडणाऱ्या आपल्या ऊसतोड मजुरांसाठी सभागृहात कोणते विधेयक मांडणार, ते विचारा. ज्याच्याकडे उत्तर असेल, त्याला मत द्या.

— एक मतदार, धर्मापुरी (जि. बीड)