'म' गेला कुठे?

काय दोस्तांनो, सहामाहीचे पेपर मिळाले का? गुण कमी पडले असतील तर आईबाबांना आधी हे पान वाचायला द्या, प्रगतिपुस्तक मागाहून!

आमच्या वाचनालयाची फजिती सांगतो. पुस्तकांची यादी जुन्या संगणकात होती. तो धापा टाकू लागला, म्हणून यादी नव्या संगणकात हलवली. उघडून बघतो तर मराठी अक्षर औषधाला नाही! डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए', चार काटे फुटलेलं वर्तुळ, गोलात कोंडलेला 'आर'... ग्रंथपालकाकू रडकुंडीला आल्या. "अहो, बारा वर्षं बसून भरलंय मी हे!"

संगणकाला 'म' कळत नाही, आकडे कळतात. त्याच्या एका कप्प्यात, म्हणजे बाइटमध्ये, ० ते २५५ पैकी एकच आकडा मावतो. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये 'म'चा क्रमांक आहे २३५०. तो मावणार कसा? म्हणून यूटीएफ-८ या पद्धतीत 'म' तीन कप्प्यांत बसतो: २२४, १६४, १७४. 'य' म्हणजे २२४, १६४, १७५. (मग 'र'? काढा बघू!) ही युक्ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर आखली. जेवण थंड झालं असणार.

आमच्या यादीत आकडे बरोबर होते, पण डब्यात साखर आणि चिठ्ठी मिठाची! यादीवर चिठ्ठी होती 'लॅटिन-१'. त्या पद्धतीत प्रत्येक कप्पा हेच एक अक्षर. जुना संगणक चिठ्ठी न वाचता आकडे जसेच्या तसे ठेवी आणि काढी, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. नव्याने चिठ्ठीवर विश्वास ठेवला. २२४ म्हणजे तिरक्या रेघेचा 'ए', १६४ म्हणजे ते काटेरी वर्तुळ, १७४ म्हणजे गोलातला 'आर'. ही तीन अक्षरं त्याने पुन्हा यूटीएफ-८मध्ये लिहिली. तीन कप्प्यांचे झाले सहा!

उपाय काय? आल्या वाटेने उलटं जायचं. आधी यादीची नक्कल केली (हे विसरलात तर कान पिळीन!). मग सहा कप्प्यांचे पुन्हा तीन केले, चिठ्ठी बदलून 'यूटीएफ-८' लावली, आणि 'म' हसत बाहेर आला.

पण एका कपाटाची यादी आमच्याआधी कुणीतरी घाईने हलवली होती. त्या वेळी संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरं लिहायला सांगितलेलं. जे लिहिता येईना तिथे त्याने प्रश्नचिन्ह ठोकलं, म्हणजे आकडा ६३. मूळ आकडे पुसलेच गेले. 'श्यामची आई'ची झाली सात प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, मग आणखी दोन. (सात कशी? पाय मोडण्याची खूण, काना, वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक असतो. मोजून पाहा.) पण तेवढ्यावरून नाव कसं ओळखणार? त्या मापात बसणारी नावं कितीतरी! इथे कुठलीच युक्ती चालत नाही.

काकूंनी जुनी वही शोधली. तिची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. मग सातवीतली चार मुलं स्टुलावर चढली आणि पुस्तकांच्या पाठीवरची नावं मोठ्याने वाचू लागली. काकू टंकत होत्या. वाचता वाचता दोघं तिथेच पुस्तक उघडून बसले, त्यामुळे काम अजून चालूच आहे.