परदेशच्या पानावर आपला कापूस

वर्तमानपत्र हातात पडले की आपण आधी बाजारभाव पाहतो, मग जिल्ह्याच्या बातम्या. परदेशचे पान तसेच उलटले जाते. जिनिव्हात कोण काय बोलले, त्याच्याशी कोरडवाहू शेतकऱ्याचे काय देणेघेणे, असे आपल्याला वाटते. पण कापसाच्या भावाची उलथापालथ आधी त्या पानावरच्या घडामोडींत होते आणि मग बाजारभावाच्या कोष्टकात उतरते. म्हणून ते पान वाचायला शिकले पाहिजे, आणि तेही कोणाच्या नजरेने लिहिले आहे हे ओळखून.

एक उदाहरण घेऊ. सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतील कानकुन येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद भरली. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब आफ्रिकी देशांनी तेथे एक गाऱ्हाणे मांडले. अमेरिका आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरची सबसिडी देते, त्यामुळे जगात कापूस पडेल भावाने विकला जातो आणि आमचा शेतकरी बुडतो, हे ते गाऱ्हाणे. तेथला शेतकरीही आपल्यासारखाच. पावसाच्या भरवशावर कपाशी घेणारा, खाण्यापुरती ज्वारी-बाजरी पेरणारा. परिषदेच्या मसुद्यात त्यांना उत्तर मिळाले ते असे, की कापूस सोडून दुसरे काही पिकवायला तुम्हाला मदत देऊ. १४ सप्टेंबरला परिषद मोडली.

घटना एकच, बातम्या मात्र अनेक झाल्या. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी रॉबर्ट झोलिक यांनी लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये लेख लिहून ‘नाही’ म्हणणाऱ्या देशांवर खापर फोडले. आपल्याकडील वृत्तपत्रांचा सूर भारताने ताठ मान ठेवल्याचा आणि ब्राझील, चीन यांच्याशी एकजूट साधल्याचा होता. आफ्रिकेच्या त्या चार देशांत मात्र ती कापसाची बातमी होती. तो शेतकरी बोलत होता ते आपल्याच पोटातले. पण आपल्याकडे मंत्र्यांच्या मानेची बातमी मोठी झाली आणि कापसाची गाठ मागे पडली.

याचा अर्थ प्रत्येक देशाचे वर्तमानपत्र आपल्या सरकारचीच री ओढते असा नाही. अमेरिकेच्या सबसिडीने आमचा गळा आवळला जातो, असे सांगणारा माली आणि बुर्किना फासोच्या अध्यक्षांचा लेख ११ जुलै २००३ रोजी छापला तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने. श्रीमंत देशांच्या शेती सबसिडीविरुद्ध त्याच पत्राने त्या वर्षी अग्रलेखांची मालिका चालवली. पण न्यूयॉर्कच्या वाचकाच्या दारात कापूस नसतो. तो कर भरतो आणि तयार कापड घेतो. टेक्सासच्या कापूस पट्ट्यातल्या संपादकाला तसे लिहिणे इतके सोपे नाही. वर्तमानपत्र आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहून लिहिते, ही खूणगाठ बांधावी.

आपल्यापर्यंत बातमी पोचते कशी, हेही पाहा. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर जिनिव्हात नसतो. लंडनची रॉयटर्स, न्यूयॉर्कची असोसिएटेड प्रेस, पॅरिसची एएफपी यांचा मजकूर दिल्ली-मुंबईमार्गे येतो आणि त्याचा मराठी अनुवाद छापला जातो. या संस्था खोटे लिहितात असा आरोप नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा हे त्यांची गिऱ्हाइके ठरवतात, आणि त्यांत यवतमाळचा शेतकरी बसत नाही, मालीचाही नाही.

हा जुना इतिहास नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले. चर्चा रंगली ती दोन नेत्यांच्या बिघडलेल्या मैत्रीची आणि कापड निर्यातदारांच्या अडचणीची. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, भारत सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपल्या वेचणीचा हंगाम. दिल्लीत ती उद्योगाला दिलाशाची बातमी. टेक्सासच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक वाढल्याची बातमी. लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर असताना त्याच्या खाली बोली ऐकणाऱ्या आपल्या घरात ती घाट्याची बातमी.

जे शेतकरी ही पाने वाचतात त्यांचे पदरात पडते. अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली, ती जिंकली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊनच मिटवली. ती रक्कम ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेकडे गेली. हे काम घोषणांनी झाले नाही. दुसऱ्याच्या सबसिडीचा हिशोब त्यांच्यापाशी तयार होता.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना परदेशच्या पानाचे एक कात्रण प्रत्येक गावाने आणावे आणि तीन प्रश्न विचारावेत. ही बातमी कोणी सांगितली? कोणासाठी लिहिली? माझ्या क्विंटलला तिने काय होणार? तिसऱ्याचे उत्तर छापलेले नसेल तर संपादकाला पोस्टकार्ड टाकावे. एका गावाच्या कार्डाने काही हलणार नाही. जिल्ह्यातून शंभर कार्डे गेली, की शेतकरीही आपले गिऱ्हाईक आहे हे संपादकाला आठवेल.