विश्लेषण : ‘ओबामाकेअर’चे अनुदान नागरिकांसाठी की विमा कंपन्यांसाठी?

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून लाखो कुटुंबांच्या आरोग्यविम्याचा हप्ता एकदम वाढला. करोनाकाळात, २०२१ मध्ये, वाढवून दिलेले सरकारी अनुदान ३१ डिसेंबरला संपले. याच अनुदानाच्या मुदतवाढीवरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथील सरकारी कामकाज तब्बल ४३ दिवस ठप्प होते. या भांडणात एक आरोप डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी ऐकू आला, तो म्हणजे आरोग्य सुधारणेचा पैसा विमा कंपन्यांच्याच घरात जातो. या आरोपात तथ्य किती?

हप्ता किती वाढला?

आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या ‘केएफएफ’ या संस्थेच्या अंदाजानुसार, अनुदान घेणाऱ्या व्यक्तीला वर्षाकाठी सरासरी ८८८ डॉलर भरावे लागत होते. ते आता १,९०४ डॉलर होतील. पण सरासरीत खरी झळ दिसत नाही. साठीचे एक जोडपे घ्या. दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ८४,६०० डॉलरपर्यंत असेल तर त्यांना अनुदान आहे, त्यापुढे एक डॉलर जरी गेला तरी शून्य. ८५ हजार डॉलर मिळवणाऱ्या अशा जोडप्याचा हप्ता वर्षाला २२,६०० डॉलरहून अधिक वाढेल, असे हीच संस्था सांगते. नोकरीतून निवृत्त झालेले, पण ६५ व्या वर्षी मिळणाऱ्या ‘मेडिकेअर’ची वाट पाहणारे, छोटे दुकानदार, शेतकरी, स्वतंत्र व्यावसायिक यांना हा फटका बसतो. मोठ्या कंपन्यांतील नोकरदारांचा विमा मालकांमार्फत असतो, त्यामुळे त्यांना याची कल्पनाही येत नाही.

अनुदान कंपन्यांकडे जाते म्हणजे काय?

कुटुंबाने उत्पन्नाच्या किती टक्के रक्कम हप्त्यासाठी द्यायची हे कायद्याने ठरते. वरची रक्कम सरकार बहुतेक वेळा थेट विमा कंपनीला देते. समजा, कुटुंबाचा वाटा महिना ४०० डॉलर ठरला आणि विम्याचा हप्ता १,००० डॉलर आहे. उरलेले ६०० सरकारचे. पुढच्या वर्षी हप्ता १,२०० झाला, तरी कुटुंबाचे ४०० कायम. सरकारचे ६०० चे ८०० होतात. म्हणजे भाववाढ ज्याला जाचायला हवी, त्या ग्राहकाला ती जाणवतच नाही आणि कंपनीवर हप्ता आवरता ठेवण्याचा दबाव कमी होतो. हा दबाव स्पर्धेतून यावा, अशी अपेक्षा होती. अनुदान त्या भागातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त ‘सिल्व्हर’ योजनेवर बेतले जाते ते त्यासाठीच. पण ज्या ग्रामीण भागात एक-दोनच कंपन्या आहेत, तिथे स्पर्धा कोण कोणाशी करणार? शिवाय आता अनुदान हटले तेव्हा कुटुंबांसमोर उभा राहिला तो गेली काही वर्षे झाकून राहिलेला, वाढलेला मूळ हप्ता.

२०१० मध्ये दुसरा मार्ग नव्हता?

होता. खासगी कंपन्यांच्या शेजारी सरकारी विम्याचा पर्याय ठेवावा, अशी तरतूद प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबर २००९ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकात होती. सिनेटमध्ये ६० मतांची गरज होती आणि कनेक्टिकटचे जो लिबरमन आडवे आले. त्यांच्या राज्यात विमा कंपन्यांचे मोठे केंद्र आहे, हा योगायोग टीकाकारांनी तेव्हाच दाखवून दिला होता. तरतूद गेली. २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड मात्र राहिला (२०१९ पासून तो शून्य आहे). खासगी मालाची सक्तीची खरेदी, तीही सरकारी मदतीने, अशी टीका झाली ती यामुळे.

मात्र बदल्यात कंपन्यांना किंमत मोजावी लागली, हेही खरे. आधीपासून आजार असलेल्यांना विमा नाकारता येत नाही, आयुष्यभराच्या खर्चावर मर्यादा घालता येत नाही. मधुमेह किंवा कर्करोग असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. विमा नसलेल्यांचे प्रमाण २०१० च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले.

नफ्यावर मर्यादा असूनही कंपन्या कशा वाढल्या?

वैयक्तिक विम्यात हप्त्याचे किमान ८० टक्के आणि मोठ्या गटविम्यात ८५ टक्के पैसे उपचारांवर खर्च करण्याचे बंधन आहे. ऐकायला कडक. पण वाटा टक्केवारीत बांधला की एकूण खर्च वाढेल तसा कंपनीचा उरलेला हिस्साही वाढतो. दुसरी वाट अधिक सरळ आहे : डॉक्टर, दवाखाने, औषध व्यवस्थापन कंपन्या आपल्याच समूहात घ्यायच्या. मग विमा कंपनीने त्यांना दिलेला पैसा ‘उपचारांवरील खर्च’ म्हणून दाखवता येतो. ‘युनायटेडहेल्थ’ समूहाची उलाढाल २०१० मध्ये सुमारे ९४ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये ती ४०० अब्जांवर गेली. यातला मोठा भाग ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे काम खासगी कंपन्यांकडे देणाऱ्या ‘मेडिकेअर अॅडव्हांटेज’चा आणि समूहातील ‘ऑप्टम’चा आहे, ‘ओबामाकेअर’च्या बाजारपेठेचा नव्हे. या बाजारपेठेत तर सुरुवातीला अनेक कंपन्यांनी तोटा सोसला आणि काही बाहेरही पडल्या. त्यामुळे ‘सगळा पैसा कंपन्यांनी खाल्ला’ हे विधान प्रचारसभेपुरते ठीक. अवाच्या सवा दर लावणारी रुग्णालये त्यात सोयीस्करपणे सुटतात.

पैसे थेट नागरिकांना दिले तर?

डोनाल्ड ट्रम्प यांनी नोव्हेंबरमध्ये हीच मागणी केली. रिपब्लिकन सिनेटर बिल कॅसिडी आदींच्या प्रस्तावात वयानुसार वर्षाला १,००० ते १,५०० डॉलर नागरिकाच्या आरोग्य बचत खात्यात टाकण्याची कल्पना होती. अडचण अशी की, स्वस्तातल्या ‘ब्रॉन्झ’ योजनांमध्ये विमा लागू होण्याआधी रुग्णाने स्वतः करायचा खर्चच सरासरी सात हजार डॉलरच्या वर जातो. हाती दीड हजार घेऊन एकटा रुग्ण रुग्णालयाशी घासाघीस करू शकत नाही. कंपन्यांवर तोंडसुख घेणारा हा प्रस्ताव त्यांच्या रचनेला हातही लावत नाही. डेमोक्रॅट्सचा तीन वर्षे मुदतवाढीचा प्रस्तावही तेच करतो, फक्त त्यात निदान हप्ता परवडतो. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये दोन्ही प्रस्ताव ६० मतांअभावी पडले.

तेथील मराठी कुटुंबांवर परिणाम?

मुलाकडे ग्रीन कार्डवर राहायला गेलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांना पहिली पाच वर्षे ‘मेडिकेअर’ विकतही घेता येत नाही. अनेक कुटुंबे त्यांच्यासाठी ‘ओबामाकेअर’च्या बाजारपेठेतून विमा घेतात. दारिद्र्यरेषेखालील उत्पन्न असलेल्या अशा कायदेशीर स्थलांतरितांचे अनुदान ४ जुलै २०२५ च्या कायद्याने या जानेवारीपासून बंद केले आहे. २०२७ पासून एच-१बी व्हिसावर असणारेही अनुदानाच्या बाहेर जातील.